आबा ताज्या मुरुमावर पाय टाकत नाहीत

साताऱ्याचा_पोरगा:
आमचे आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर. १९८७ ला भारतीय शांतिसेनेत श्रीलंकेत जाफन्याला गेले, १९८९ ला परतले. श्रीलंकेत आपले अकराशेच्या वर जवान शहीद झाले, पण कारगिलवाल्यांसारखं कुणी विचारत नाही, असो.

गेल्या महिन्यात गल्लीत पाइपलाइन टाकली, वर ताजा मुरूम पसरला. आबा दुधाला निघाले, तिथे थबकले आणि गटाराच्या काठावरून गेले. माझी पोरगी त्या मुरुमावर सायकल घालत होती, तिला दंडाला धरून असं ओढलं की वळ उठले. मग स्वतःच पायरीवर बसून थरथरत होते. पुढची गाडी रस्त्यात पुरलेल्या सुरुंगावर गेली, एवढंच ते एकदा आईला बोललेत. रात्री दोनला उठून कड्या बघणं तर मी लहानपणापासून पाहतोय. आम्हाला वाटायचं, फौजी शिस्त.

डॉक्टरचं नाव काढलं की "मी येडा हाय का?" कसं न्यायचं?

नर्सिंग_असिस्टंट_निवृत्त:
झोपेच्या तक्रारीवर न्या. खोटं नाही ते, झोप नाहीच की. माजी सैनिकांच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये आधी तुम्ही एकटे जाऊन मुरुमाचा प्रसंग जसाच्या तसा सांगा, मानसोपचाराचं रेफरल तिथूनच मिळतं. कॅन्टीनची रम रोज किती, तेही सांगा. झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र म्हणजे जिवाशी खेळ.

गावाकडचा:
फौजी माणसाला काही होत नसतं. शेतात गुंतवा.

समुपदेशक_ताई:
शेतात नवी माती उकरलेलीच असते, दादा.
याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात राहून गेलेला त्रास; तीस-पस्तीस वर्षांनीही उपचार होतात. गोळ्यांचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, आठवड्यात बंद करू नका. "तिकडं काय झालं, सांगा ना" म्हणून मागे लागू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. पहिला फोन तुम्हीच करा. आणि पोरीला समजावा, आजोबा तिच्यावर चिडले नव्हते.

साताऱ्याचा_पोरगा:
काल जाऊन आलो. कोरेगावचे त्यांचे कंपनीतले दोस्त सोबत घेतले. ते दोन वर्षं याच त्रासाच्या गोळ्या घेतात, हे आम्हाला बाकड्यावर बसल्यावर कळलं. आबा त्यांच्याकडे बघत म्हणाले, "मग बोलला का नाहीस रे?" आणि नंबर आल्यावर स्वतःच उठले. पुढची तारीख १४ ला आहे. पोरगी अजून जवळ जात नाही.