बर्फाचं ऑगर राजापुरात चालेल का? बॅटरी की पेट्रोल?

सड्यावरचा (राजापूर)

मंडळी, प्रश्न विचित्र आहे. हसून झालं की उत्तर द्या.

माझा आतेभाऊ मिनेसोटात असतो. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात आणि लोक बर्फावर तंबू ठोकून, बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतात. याला ते वेड लागलंय. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "आपण माशांवर बर्फ घालतो, हे बर्फाखालनं मासे काढतायत." असो. भोक पाडायला त्याच्याकडे बॅटरीवरचं ऑगर आहे. ४० व्होल्टचं, ८ इंची. वर दोन मुठी, मध्ये मोटर, खाली भल्यामोठ्या स्क्रूसारखा दांडा. आता तो १० इंची घेतोय आणि गणपतीला येताना जुनं मला आणू का म्हणून विचारतोय.

मला दीड एकराला कुंपण घालायचंय. गेल्या वर्षी डुकरांनी सगळा सुरण उकरून खाल्ला. १२० सिमेंटचे खांब, प्रत्येकाला दोन फूट खड्डा. पुढच्या जूनला काजूची ५० कलमंही लावायचीत. आमच्याकडे गड्याला ७०० रुपये रोज, वर चहा-न्याहारी. दिवसाला एका गड्याचे बारा खड्डे झाले तरी खूप, तेही जांभा दगड लागला नाही तर.

माझं मत बॅटरीच्या बाजूने आहे. बाबा सत्तरीचे. दोरी ओढून सुरू करायचं मशीन त्यांच्या खांद्याला झेपत नाही. धूर नाही, पेट्रोलात ऑइल मिसळायची भानगड नाही. बटण दाबलं की फिरलं. भाऊ फुकट आणतोय तर का नको?

लांजेकर बागायतदार

फुकट आहे म्हणून भाताच्या लोंबीला वस्तरा लावणार का? बर्फ म्हणजे बर्फ, जांभा म्हणजे जांभा. माझ्याकडे ५२ सीसीचं पेट्रोल मशीन पाच वर्षं आहे, पंधरा-वीस हजारांत येतं. स्पार्क प्लगपासून क्लचपर्यंत सगळं लांज्यात मिळतं. त्या अमेरिकन मशीनचा एक स्क्रू पडला तर कुठे शोधणार?

गुहागरकर, सध्या बर्फात

मी मूळचा गुहागरचा, नऊ वर्षं मिनीयापोलिसमध्ये. दोन्ही बाजू पाहिल्यात म्हणून सविस्तर लिहितो.

बॅटरी ऑगर तिकडे लोक का घेतात हे आधी समजून घ्या. पेट्रोलचं मशीन उणे वीसला सुरू करताना खांदा निखळतो. शिवाय बंद तंबूत ते चालवलं की धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. बॅटरीचं आत चालतं, आवाज कमी, हाताला तेलाचा वास लागत नाही (आमिषालाही लागत नाही, आणि वासाला मासे बिचकतात असं तिथले जुने लोक मानतात). तोटा एकच. थंडीत बॅटरीचा दम निम्म्यावर येतो. मी ती कोटाच्या आत पोटाशी धरून नेतो. गोठणबिंदूखाली चार्ज तर करायचीच नाही, लिथियम बॅटरी कायमची बिघडते. तुम्हाला राजापुरात ही काळजी नाही. तुमची उलटी आहे, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठासून भरलेली बॅटरी ठेवलीत तर तीही लवकर म्हातारी होते.

आता मुख्य मुद्दा. बर्फाच्या ऑगरची पाती वस्तऱ्यासारखी असतात, सपाट आणि पातळ. ती बर्फ तासतात, खणत नाहीत. म्हणून नेताना त्यांना टोपी घालतात. मी एकदा काठाजवळ उथळ जागी भोक पाडत होतो. बर्फ संपला, खाली पाणी समजून दाबलं, तर खाली हातभर पाणीही नव्हतं. पातं वाळूला टेकलं. एक सेकंद, फार तर दोन. वर काढलं तेव्हा धारेवर बारीक दात पडले होते, जिभेने चाचपावेत असे. पुढच्या भोकाला ऑगर बर्फावर नुसतं गरगर फिरत राहिलं, पांढरा भुगा उडाला, खाली काही जाईना. नवीन पात्यांची जोडी घ्यावी लागली. वाळूने ही गत, तर जांभा काय करेल?

जमिनीच्या ऑगरचं टोक वेगळं असतं. मधे माशाच्या शेपटीसारखी अणी आणि बाजूला बदलता येणारे जाड दात. काही कंपन्या एकाच मोटरला दोन्ही दांडे बसवू देतात. भावाकडचं मॉडेल तसं असेल तरच विचार करा. जाहिरातीत एका चार्जवर एकूण किती इंच बर्फ कापला जाईल ते छापतात. तो आकडा तुमच्या मातीला लावू नका.

चाकरमानी ठाणे

आणि विमानाचं काय? ४० व्होल्ट, ५ अँपिअर-अवर म्हणजे २०० वॉट-अवर. प्रत्यक्षात ३६ व्होल्ट धरले तरी १८०. सुटी लिथियम बॅटरी १०० वॉट-अवरपर्यंत हातातल्या बॅगेत चालते, १६० पर्यंत कंपनीची परवानगी काढून. त्याच्या वर प्रवासी विमानात सामान म्हणून नेताच येत नाही. भाऊ बॅटरीविना धड तेवढं आणेल, चार्जर ११०-१२० व्होल्टचा असेल, आणि मग तुम्ही इथे त्या खाचेत बसेल अशी बॅटरी शोधत फिराल.

सड्यावरचा (राजापूर)

हे डोक्यातच आलं नव्हतं. भावाला सांगितलं, त्याने लेबल वाचलं. १८०. म्हणजे ते बारगळलंच. पण प्रश्न उरतोच. इथलं नवीन घ्यायचं झालं तर बॅटरी की पेट्रोल?

मालवणी माणूस

मेल्यांनो, पयला जमीन खयची ता सांगा. सड्यार माती एक वीत, खाली कातळ. थय तुमचा बॅटरीचा नाय आणि पेट्रोलचाय नाय. देवगडाक कातळावर आंबो लावतत तेव्हा सुरुंग घालतत नायतर ब्रेकर आणतत, वर माती भरतत. ऑगर घेवन गेलंस तर नुसतो कातळ पॉलिश करून येशीत. पारय घी हातात.

लांजेकर बागायतदार

मालवणी भाऊ, सगळा सडा कातळाचा नसतो. मातीत जांभ्याचे गोटे असतात तिथे पेट्रोलची ताकद लागते. बॅटरीवालं गोट्याला लागलं की आपलं आपण बंद पडतं.

दापोलीची बागवाली

बंद पडतं म्हणजे वाचवतं, लांजेकर काका. माझ्या दिराकडे पेट्रोलचं होतं. आंब्याच्या मुळाला अडकलं, दांडा थांबला आणि मशीनच उलटं फिरलं. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. बऱ्याच बॅटरी मॉडेलमध्ये झटका बसला की मोटर तोडणारी सोय असते आणि उलटं फिरवायचं बटणही. अडकलं तर उलटं फिरवून काढायचं. तुमच्या ५२ सीसीला रिव्हर्स आहे का? अडकल्यावर काय करता?

लांजेकर बागायतदार

पाइप पाना लावून हाताने उलटं पिळतो. पाच मिनिटं लागतात.

दापोलीची बागवाली

तेच तर.

आणखी एक. पेट्रोलवाले पावसाळ्याबद्दल बोलत नाहीत. आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल येतं. ते हवेतली ओल पितं, आणि आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत ओलीला काय तोटा? टाकीत राहिलेलं पेट्रोल खाली पाणी आणि वर पेट्रोल असं फुटतं. दिवाळीला मशीन काढलं की कार्बोरेटर साफ करायला मेकॅनिक. टाकी कोरडी करून ठेवणारा बागायतदार मला अजून भेटायचाय.

मी दोन वर्षं साधं ब्रशलेस ड्रिल वापरते आणि त्याला अडीच इंची, हातभर लांब ऑगर बिट. कशाला? कल्टारला, म्हणजे नवी पालवी रोखून मोहर आणणाऱ्या औषधाला. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत हापूसला कल्टार घालायचं असतं. झाडाच्या विस्ताराच्या निम्म्या अंतरावर गोल रिंगण धरून २५ ते ३० भोकं, चार-पाच इंच खोल, आणि विस्ताराच्या व्यासाला दर मीटरमागे ३ मिली औषध पाण्यात कालवून सारखं वाटून ओतायचं. माझी ४० झाडं. म्हणजे हजार-बाराशे भोकं, पहारीने, वाकून, पावसात. गड्यांना कंटाळा आला की तीसची अठरा होतात आणि औषध एका बाजूलाच जातं. ड्रिलने एक भोक तीन सेकंदांत होतं. दोन बॅटऱ्या आलटून पालटून, दोन दिवसांत बाग. मशीन माझं मी चालवते, कोणाची वाट बघत नाही.

श्रीवर्धनची वाडी

आमच्याकडे पुळण. ऑगरने खड्डा होतो आणि दांडा बाहेर काढेपर्यंत बुजतो. त्यामुळे या वादात मी तटस्थ. फक्त बॅटरीवाल्यांना आठवण देतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं, वाड्यांतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या आणि आमच्याकडे लाइट यायला कित्येक आठवडे लागले. साफसफाई झाली ती पेट्रोलच्या करवतींवर. बॅटरी कुठे चार्ज करणार होतात?

दापोलीची बागवाली

वादळात खड्डे खणत होतात का?

श्रीवर्धनची वाडी

नाही, पण पुन्हा लागवड तर करायचीच होती ना. जाऊदे.

कलमवाला वेंगुर्ला

कुंपणाचं ठीक. पण धागाकर्ते काजूचं म्हणतायत म्हणून लिहितो. कलमासाठी ऑगरचा खड्डा मला पटत नाही, मग तो कशावरचाही असो. काजूला ६० सेंमी लांब, रुंद, खोल खड्डा सांगतात, आंब्याला मीटरभर. हिशोब करा. एक फुटी ऑगरने मीटरभर खोल गेलात तरी निघणारी माती आंब्याच्या खड्ड्याच्या चौदाव्या हिश्शाएवढी. काजूला ६० सेंमी खोल गेलात तर पाचवा हिस्सा. शेणखत, पालापाचोळा, चांगली माती घालणार कुठे?

दुसरं म्हणजे ओल्या चिकट मातीत ऑगर फिरला की खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. मूळ त्यातून बाहेर शिरत नाही, कुंडीतल्यासारखं आत गोल फिरतं. वर आपला पाऊस. खड्डा म्हणजे पाण्याने भरलेला हंडा. माझी वेंगुर्ला ४ या काजूच्या जातीची सहा कलमं अशीच गेली. उपटून बघितली तर मुळं स्प्रिंगसारखी. उरलेल्यांच्या भिंती मी पहारीने खरवडून मोडल्या, ती जगली. म्हणजे शेवटी पहार आलीच.

मालवणी माणूस

माका कोण विचारता? पारय म्हणून पयलोच सांगलंय.

सड्यावरचा (राजापूर)

आज रविवारी शेजारच्या गावातून ६३ सीसीचं पेट्रोल मशीन दिवसाच्या भाड्याने आणलं, ८ इंची दांड्यासकट. पाऊस बारीक होता. बाबा खुर्ची टाकून पडवीत.

पहिले आठ खड्डे बघून मी लांजेकरांचा भक्त झालो होतो. दोन फूट, मिनिटभरात. फक्त प्रत्येक वेळी दांड्याला लाल चिखलाचा गोळा चिकटायचा, तो कोयतीने खरवडायला खड्ड्यापेक्षा जास्त वेळ. नवव्याला फूटभर खाली 'खट्' झालं. मूठ सुटली नाही, पण डावी मूठ बरगडीवर बसली. आत्ता लिहिताना दुखतेय. खाली नारळाएवढा जांभा. तो पहारीने काढला, मग पुन्हा मशीन. अकराव्याला मशीन बंद पडलं ते सुरूच होईना. अठ्ठावीस वेळा दोरी ओढली, बाबांनी मोजली. संध्याकाळपर्यंत अकरा खड्डे. गड्याचे बारा होतात.

बाबांचं म्हणणं, चिखलात मशीन चालवायचं नसतं, पाऊस उघडल्यावर, जमीन ओली पण चिकट नसताना नवरात्राच्या सुमारास आण. ते मला पटतंय. कुंपण तेव्हा, भाड्याच्याच मशीनने, गोटे निघतील तिथे पहार. काजूचे खड्डे गड्यांकडून. विकत मात्र दापोलीच्या ताईंसारखं ड्रिल आणि अडीच इंची बिट घेतोय, कारण आमचीही २२ हापूसची झाडं आहेत आणि कल्टारचे दिवस तोंडावर आलेत. ताई, बिट कुठल्या प्रकारचं ते सांगाल का?

दापोलीची बागवाली

षटकोनी शेपटीचं घ्या, गोल शेपटीचं चकमध्ये घसरतं. बागकामाचं म्हणून जे पातळ मिळतं ते नको, वाकतं. ड्रिल दोन वेगांचं असेल तर कमी वेगावर ठेवा. बाजूची आधाराची मूठ बसवल्याशिवाय चालवू नका, बरगडी एकदाच पुरे. आणि दहा वर्षांच्या आतल्या झाडांना कल्टार घालू नका.

लांजेकर बागायतदार

अठ्ठावीस वेळा दोरी? चोक लावून ठेवलात का? गरम मशीनला चोक लागत नाही, प्लग भिजतो. मशीनचा दोष नाही, माणसाचा आहे. नवरात्रात माझं घेऊन जा, भाडं नको. मी स्वतः येतो, एका दिवसात साठ पाडून दाखवतो.

गुहागरकर, सध्या बर्फात

भावाच्या जुन्या ऑगरचं काय ठरलं? इथे कोणाला द्यायचं असेल तर मी घेतो. नोव्हेंबरअखेर बर्फ चार इंचांचा झाला की लगेच लागेल.

सड्यावरचा (राजापूर)

विचारतो. त्याची बॅग आता रिकामी झाली म्हणून आईने परतीच्या सामानाची यादी केलीय, आमसुलं, आगळ, फणसपोळी. तुमच्यासाठीही एक बाटली टाकायला सांगू का?