काउंटरच्या दोन्ही बाजूंना बाईच: तुमचे अनुभव सांगा

जास्वंद

मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही चौघीजणी पुण्यातल्या एका मोठ्या साडीच्या दुकानात गेलो. सकाळी अकराला शिरलो ते अडीचला बाहेर पडलो. आम्हाला बसायला सोफा, आधी चहा, मग कोकम सरबत. काउंटरपलीकडे एक पंचविशीतली मुलगी साड्या उलगडत होती, पन्नासेक तरी उलगडल्या असतील. मध्ये वहिनींची पिन खाली पडली म्हणून मी पलीकडे वाकून पाहिलं. मुलीने चपला काढून ठेवल्या होत्या आणि एका पायाच्या टाचेने दुसऱ्या पायाची पोटरी दाबत ती उभी होती. पाय इतके सुजलेले की घोट्यावर पैंजणाचा वळ रुतला होता. "बस ना गं जरा," म्हटलं, तर मागे बघून हळूच म्हणाली, "ताई, गिऱ्हाईक असताना बसायचं नसतं. आणि नसतानाही नाही."

आमचं बिल लाखाच्या वर गेलं. साड्या बायकांनी पसंत केल्या, पैसे बायकांच्या पर्समधून गेले, माल बाईने दाखवला. आणि ही बसायची की नाही, हे ठरवणाऱ्याला आम्ही कुणी पाहिलंसुद्धा नाही.

जुन्या दुकानांत गादी असायची. विकणारा आणि घेणारा दोघं मांडी घालून समोरासमोर बसायचे. शोरूम आली, काउंटर आला, आणि बसण्याचा मान फक्त आपल्याकडे राहिला. केरळात कोझिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या 'पेणकूट्ट' संघटनेने याच एका गोष्टीसाठी वर्षानुवर्षं लढा दिला. २०१८ मध्ये तिथे कायदा बदलला आणि दुकानात काम करणाऱ्यांना बसायला आसन देणं मालकावर बंधनकारक झालं. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला.

म्हणून हा धागा. नोकरीत, शेतात, दुकानात बाई म्हणून तुमच्या वाट्याला काय आलं, आणि गिऱ्हाईक म्हणून तुमच्या हातात जो पैसा आहे त्याने कुठे काही हललं का, दोन्ही लिहा. लांबलं तरी चालेल.

चांदवडची सून

ताई, मी काउंटरच्या त्या बाजूची, म्हणजे पैसे देणारी. चार एकर शेती आहे. सासरे गेल्यापासून मजुरीची वही माझ्याकडे आली. पहिल्या पानावर 'गडी' आणि 'बाई' असे दोन रकाने होते, मी तेच पुढे ओढले. गड्याला ५००, बाईला ३००. कुणाला विचारलं तर एकच उत्तर, गडी आठला येतो, बाई दहाला येते. ते खरंही आहे. आठला कशी येईल, घरचं पाणी, भाकरी, पोरांची शाळा उरकून निघते ती.

मग एका रात्री तासाचा हिशेब केला. जेवणाची सुट्टी वजा करून गड्याचे आठ तास भरतात, बाईचे सहा. म्हणजे तासाला गड्याला साडेबासष्ट आणि बाईला पन्नास. उशिरा येण्याचे पैसे तर कापलेच, वर बाई असण्याचेही तासाला साडेबारा कापत होते. आणि कापणारी मी.

कांदा लागणीला मात्र असं होत नाही. तिथे उक्तं असतं, एकराचा भाव ठरतो. टोळी सगळी बायकांची. पाणी सोडलेल्या वाफ्यात वाकून अंगठ्याने रोप दाबत मागे मागे सरकायचं. आठ दिवसांत नखं काळी पडतात, बोटांच्या पेरांना चिरा जातात. पण भाव त्यांची मुकादमीण ठरवते, आणि एकर काही बाई-गडी बघत नाही. माझी आई रोजगार हमीवर जायची. तिथेही खड्ड्याचं माप घेऊन मजुरी, बाईच्या खड्ड्याला वेगळा दर नव्हता. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला. माझ्या वहीपर्यंत तो पोचायला माझं पन्नाशीचं वय उजाडलं.

गेल्या रब्बीपासून मी बाईला ३७५ देते. भाऊबंद घरी येऊन सांगून गेले, "वहिनी, गावाचा भाव बिघडवताय." मी वही पुढे ठेवली आणि तासाचा हिशेब त्यांनाच मांडायला सांगितला. चहा पिऊन गेले.

निशिगंध

बाळंतपणाच्या रजेबद्दल लिहिते. २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली. मी सहा महिने घेतली, पूर्ण पगारी. त्याबद्दल कंपनीविषयी तक्रार नाही. परत आले त्या वर्षीच्या मूल्यमापनात मात्र शेरा होता, 'वर्षभराचं योगदान कमी'. अर्धं वर्ष मी कायद्याने रजेवर होते आणि उरलेल्या अर्ध्या वर्षात दोन प्रकल्प वेळेत दिले होते. बढती दोन वर्षं मागे गेली, त्यामुळे पगारही मागे गेला, आणि तो फरक अजून भरून निघालेला नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा वाचलं की आज स्त्री-पुरुषांच्या पगारातली दरी मुख्यतः पहिल्या मुलानंतर रुंदावते. माझ्या पगाराच्या पावत्या तारखेप्रमाणे लावल्या तर नेमकं तेच दिसतं.

तळटीप

पुरुष आहे, चालेल ना? एका मध्यम आकाराच्या कारखान्यात माणसं नेमण्याचं काम करतो. निशिगंध म्हणतात तो फरक भरून का निघत नाही, ते सांगतो. मुलाखतीत आम्ही विचारतो, "सध्याचा पगार किती?" आणि त्यावर पंचवीस-तीस टक्के वाढ देतो. म्हणजे एका जागी मागे पडलेली बाई दुसऱ्या जागीही तेवढीच मागे राहते, आम्ही कुणीही मुद्दाम काही न करता. गेली तीन वर्षं मी हा प्रश्न विचारणं बंद केलंय. पदाचा पगार आधी ठरवतो, माणूस नंतर बघतो. वरच्यांना पटवायला सहा महिने लागले.

जास्वंद

चालेल काय, लिहाच. हा प्रश्न प्रत्येक मुलाखतीत इतका सहज विचारला जातो की त्यात काही आहे असं कधी वाटलंच नाही.

गोरेगावची आजी

माझी चौदा वर्षं पूर्ण झाली होती. १९७२ चा दुष्काळ. रॉकेल नाही, तेल नाही, साखर नाही, आणि मिळालं तर दुप्पट भावाने. मृणालताई गोरे आमच्या गोरेगावच्याच. त्यांनी, अहिल्याताई रांगणेकरांनी, प्रमिलाताई दंडवत्यांनी, तारा रेड्डींनी मिळून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. समाजवादी, कम्युनिस्ट, सगळ्या पक्षांच्या बायका एकत्र. आईने मला लाटण्याच्या मोर्चाला नेलं. तिच्या एका हातात पितळी थाळी, दुसऱ्या हातात पोळपाटावरचं लाटणं. शेजारच्या काकूंनी तर कणकेचे हात धुतलेही नव्हते. तो थाळ्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. त्याआधी मी आईला घराबाहेर मोठ्याने बोलताना ऐकलंच नव्हतं.

लग्न होऊन पार्ल्यात आले आणि मुंबई ग्राहक पंचायतीच्या आमच्या संघात नाव घातलं. पंचायत १९७५ ची. पद्धत साधी होती. शेजारच्या घरांचा एक संघ, महिन्याची यादी आधी भरायची, पैसे गोळा करायचे, सामान एका घरी उतरायचं आणि तिथून वाटप. आमच्या पुढच्या खोलीत तूरडाळीच्या पिशव्या, साबण, चहा, गहू. घरोघरच्या याद्यांशी नग जुळवायचे आणि पैशाचा ताळा लागेपर्यंत उठायचं नाही. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या. चाळीस घरांचा हिशेब त्यांनी अकरा वर्षं पैशाची चूक न होता ठेवला. दुकानदार वजनात मारतो म्हणून नशिबाला बोल लावणाऱ्या बायका आम्ही, आम्हीच घाऊक खरेदीच्या गिऱ्हाईक झालो.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हे सगळं काम बिनपगारी होतं, आणि दुपारी आम्ही घरी असतो हे गृहीत धरून चालायचं. पुढे सुना नोकरीला लागल्या तेव्हा आमच्या संघाचं वाटप रविवारी आलं, आणि तेव्हा पहिल्यांदा घरातले पुरुष पोती उचलायला खाली उतरले. मला वाटतं तो बदलही मोर्चाएवढाच मोठा होता.

सांजवात

मी परिचारिका आहे, लग्न केलेलं नाही. २०२२ मध्ये ५२ लाखांची सदनिका घेतली. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे माझे ५२ हजार वाचले. कर्जाच्या वेळी मात्र बँकेतल्या साहेबांनी तीनदा विचारलं, "सहअर्जदार म्हणून वडील किंवा भाऊ नाहीत का?" पगाराचं पत्रक समोर होतं, हप्ता त्यात आरामात बसत होता. तेव्हा त्या सवलतीला अट होती की पंधरा वर्षं हे घर पुरुषाला विकता येणार नाही. दलाल म्हणाला, उद्या विकायला गिऱ्हाईक मिळणार नाही, एक टक्का सोडा आणि भावाचं नाव घाला. मी नाही घातलं. २०२३ मध्ये सरकारने ती अटच काढली. दारावरच्या पाटीवर एकच नाव आहे, पितळेत कोरून घेतलंय.

रेडिंगहून

इंग्लंडमध्ये २०१७ पासून २५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेला स्त्री-पुरुष पगारातली तफावत दरवर्षी जाहीर करावी लागते. सरकारी संकेतस्थळावर नाव टाकलं की आकडा दिसतो. मी नोकरीचा अर्ज करण्याआधी बघते, आणि आता खरेदीआधीही. ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेक्स्ट' या कपड्यांच्या दुकानसाखळीविरुद्ध साडेतीन हजारांहून जास्त कर्मचारी समान वेतनाचा दावा जिंकले, त्यात बहुतेक दुकानात काम करणाऱ्या बायका. त्यांचा तासाचा दर गोदामातल्या कामगारांपेक्षा कमी होता, आणि गोदामात पुरुषांचं प्रमाण जास्त. कंपनीने बाजारभावाचं कारण दिलं, ते टिकलं नाही. चांदवडच्या ताईंच्या 'गावचा भाव' या शब्दावर मी थांबलेच. इथेही अगदी तेच म्हणत होते.

लालपरी

मी एस.टी.त वाहक, चौदा वर्षं झाली. आमच्या वेतनश्रेणीत बाई-पुरुष असा भेद नाही, जेवढं त्यांना तेवढंच मला. १७ मार्च २०२३ पासून बायकांना सगळ्या गाड्यांत अर्धं तिकीट झालं. त्याबद्दल बरंच उलटसुलट बोललं जातं. मी फक्त माझ्या गाडीतलं सांगते.

आधी बाजाराच्या दिवशी गाडीत पुरुष जास्त. खिशात घरच्या बाईने सांगितलेली यादी. आता घरात हिशेब होतो की तुझं तिकीट अर्धं आहे, तूच जा. तिकिटाचे पैसे वाचवायला म्हणून बाजाराची पिशवी बाईच्या हातात आली, आणि पिशवीबरोबर पैसेही आले. माझ्या नेहमीच्या एक अक्का आहेत. एकदा येताना मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं घट्ट धरून बसल्या होत्या. सुटे पैसे द्यायलाही हात काढेनात. म्हणाल्या, "कपबशा आहेत. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पहिल्यांदा माझ्या पसंतीच्या घेतल्या." पांढऱ्यावर निळी वेल होती. त्यांनी खोकं उघडून दाखवल्या.

बाजारातही फरक पडला. स्टँडसमोर दोन चहाची हॉटेलं. एकाने मागचं संडास बायकांना उघडून दिलं, किल्ली गल्ल्यावर. महिन्याभरात बायका तिथेच चहा प्यायला लागल्या. मग दुसऱ्यानेही नवीन बांधलं, आत नळ आणि कडी असलेलं. कुणी अर्ज केला नाही, मोर्चा नाही. आम्ही सगळ्या फक्त समोरच्याकडे जात होतो.

उंबरठा

जास्वंदताई, तुमचा पहिला अनुभव वाचून लिहायला बसले. मी अकरा वर्षं साडीच्या दुकानात होते. पुणं नाही, दुसरं गाव.

सकाळी साडेनऊ ते रात्री साडेआठ. जेवायला अर्धा तास, तेवढंच बसणं. स्वच्छतागृहात जायचं तर सुपरवायझरला सांगून, आणि तो सगळ्यांसमोर विचारायचा, "आत्ताच गेली होतीस ना?" म्हणून आम्ही पाणीच कमी प्यायचो. मला दोनदा लघवीचा संसर्ग झाला. पाळीच्या दिवसांत साड्यांच्या कप्प्याला कंबर टेकवून उभी राहायचे. तसं टेकलेलंही कॅमेऱ्यात दिसलं की बोलणं बसायचं. आमच्याच बरोबर पुरुष विक्रेते होते, लग्नाचं गिऱ्हाईक त्यांना मिळायचं, आम्हाला रोजच्या साड्या. कमिशन लग्नाच्या साड्यांवर जास्त.

एकदा कराडकडच्या एक आजी आल्या, नऊवारीतल्या. बरोबर मुली, सुना, नाती, मोठा बस्ता होता. सुपरवायझर पुढे आला तर म्हणाल्या, "ही पोरगी दाखवंल." मी दोन साड्या उलगडल्या. आजी सोफ्यावर बसेनात. सून म्हणाली, "आई, बसा की." तर म्हणाल्या, "ही बसंल तवा मी बसंल." मी म्हटलं, आजी, आम्हाला बसायला नाही. त्यांनी मालकांना बोलवायला सांगितलं. मालक आले, हात जोडले. आजी त्यांना एवढंच म्हणाल्या, "लेका, तुझ्या दुकानात पोरी उभ्या अन् मी बसून कापड बघू व्हय? खुर्ची आण, न्हाईतर आमी दुसरीकडं जातो." सुना पिशव्या उचलून तयारच होत्या.

माझ्यासाठी ऑफिसातली खुर्ची आली. मी त्या दुकानात साडी दाखवताना पहिल्यांदा बसले. हात थरथरत होते, निऱ्या नीट पडेनात. आजींनी अठ्ठावीस साड्या घेतल्या आणि सगळं कमिशन माझ्या नावावर लागलं, कारण त्यांनी बिलावर माझं नाव लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात मालकांनी काउंटरमागे तीन स्टुलं आणून ठेवली. आम्ही नऊजणी होतो. अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या लावून बसायचो.