नीरज चोप्राकडून आपण नेमकं काय मागतोय?

गोदाकाठ:
एप्रिल २०२५ मध्ये नीरज चोप्राला लोकांकडून जे ऐकून घ्यावं लागलं, ते मला अजूनही पचलेलं नाही. बंगळुरूला त्याच्या नावाची भालाफेक स्पर्धा व्हायची होती, नीरज चोप्रा क्लासिक. जगातले मोठे भालाफेकपटू बोलावले होते, त्यात पाकिस्तानचा अर्शद नदीमही होता. २२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला आणि त्याआधी गेलेलं ते आमंत्रण लोकांनी उकरून काढलं. नीरजला गद्दार म्हणून झालं, मग त्याच्या आईवर घसरले. शेवटी २५ एप्रिलला त्याला जाहीर निवेदन द्यावं लागलं: आमंत्रणं हल्ल्याआधीची आहेत, आता अर्शद येण्याचा प्रश्नच नाही, आणि माझ्या देशप्रेमावर, घरच्यांवर शंका घेतली जाते याचं दुःख होतं. अर्शदने तर कोरियातल्या आशियाई स्पर्धेच्या तयारीचं कारण देऊन आधीच नकार कळवला होता.

हा मुलगा अठराव्या वर्षी, २०१६ साली, ज्युनियर गटात ८६.४८ मीटरचा विश्वविक्रम करून बसला. तेविसाव्या वर्षी टोकियोत ८७.५८ मीटर फेकून ॲथलेटिक्समधलं भारताचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण त्याने आणलं. २०२३ ला बुडापेस्टमध्ये तो जगज्जेता झाला. सैन्यात नायब सुभेदार म्हणून लागला. अशा माणसाकडूनही देशप्रेमाचा दाखला मागायचा? आमंत्रण देणं चूक नव्हतं आणि परिस्थिती बदलल्यावर अर्शद येणार नाही असं सांगणंही चूक नव्हतं. चूक दाखला मागणाऱ्यांची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

डोंबिवली पूर्व:
मला तुमचं मांडणं एकांगी वाटतं. पहलगाममध्ये २६ माणसं गेली. त्यात आपल्या राज्यातले सहा होते, डोंबिवलीचे तिघे, पुण्याचे दोघे, पनवेलचे एक. आमच्याकडे त्या दिवसांत रस्त्यावर जे वातावरण होतं ते पाहिलं असतंत, तर लोक का चिडले हे विचारावं लागलं नसतं. आईला बोलणारे हलकट आहेत, त्यांना माझा पाठिंबा नाही. पण मूळ आमंत्रणावर प्रश्न विचारायचाच नाही, हे कसं चालेल? ऑलिंपिकमध्ये समोर कोण येईल ते आपल्या हातात नसतं. इथे स्पर्धा आपली, मैदान आपलं, यादी नीरजची. पुलवामा, उरी ही नावं सैन्यातल्या माणसाला कोणी आठवून द्यावी लागतात का?

गोदाकाठ:
प्रश्न विचारा की. पण मग तो सगळ्यांना विचारा. ऑगस्ट २०२५ मध्ये क्रीडा मंत्रालयानेच धोरण जाहीर केलं की पाकिस्तानशी द्विपक्षीय सामने नाहीत, अनेक देशांच्या स्पर्धांत मात्र खेळायचं. सप्टेंबरमध्ये आशिया चषकात आपण त्यांच्याशी एकदा नाही, तीनदा खेळलो. तिकिटं विकली गेली, जाहिराती झाल्या. आपल्या मुंबईच्या सूर्यकुमारने हस्तांदोलन टाळलं आणि विजय सैन्यदलांना अर्पण केला, तेव्हा लोकांचं समाधान झालं. नीरजच्या स्पर्धेत तर अर्शद आलाच नाही, तरी शिव्या त्यालाच.

डोंबिवली पूर्व:
आशिया चषक खेळू नये असंच माझं मत होतं आणि तेव्हा मी तसं बोललोही. त्यामुळे हे उदाहरण माझ्यावर लागू होत नाही. शिवाय त्याच धोरणातला फरक बघा: अनेक देशांची स्पर्धा ही नाइलाजाची गोष्ट, खासगी आमंत्रण ही आपखुशीची. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

मैदानावरचा:
मी बरीच वर्षं फेकीच्या प्रकारांत होतो, राज्य पातळीपर्यंत. भालाफेकवाले कसे जगतात हे बाहेरून कळत नाही, म्हणून लिहितो. फायनलला बारा जण असतात. पहिल्या तीन फेकींनंतर सहसा आठ उरतात, त्यांना आणखी तीन मिळतात. दोन फेकींच्या मध्ये सगळे एकाच बाकावर बसलेले, घाम पुसत, एकमेकांचा रनअप बघत. भाला स्वतःचा आणला तरी तपासणी होऊन तो सगळ्यांसाठी ठेवला जातो, कोणीही उचलू शकतो. हा नियम आहे.

२०२१ चा वाद यातूनच झाला होता. नीरज एका मुलाखतीत एवढंच म्हणाला की टोकियोच्या फायनलआधी माझा भाला सापडेना, अर्शदच्या हातात दिसला, मी मागितला, त्याने दिला. लोकांनी त्याचं पाकिस्तानी कारस्थान करून टाकलं. तेव्हा तेवीस वर्षांच्या पोराने व्हिडिओ करून सांगितलं की हे नियमात बसतं, आम्ही भालाफेकवाले प्रेमाने राहतो, तुमच्या घाणेरड्या प्रचारासाठी माझं नाव वापरू नका. देशभर सत्कार चालू होते, सगळे डोक्यावर घेऊन नाचत होते, गप्प बसला असता तरी कोणी काही म्हटलं नसतं. त्या वयात, त्या आठवड्यात हे बोलायला छाती लागते.

आणि अर्शद म्हणजे कोण? मियां चन्नूसारख्या छोट्या गावचा. २०२४ च्या मार्चमध्ये त्याने सांगितलं की सात-आठ वर्षं तो आंतरराष्ट्रीय दर्जाचा एकच भाला वापरतोय. त्याला नवा भाला मिळायला एवढी अडचण कशी येते, असं जाहीरपणे म्हणणारा नीरजच होता. पाचच महिन्यांनी पॅरिसला अर्शदने ९२.९७ मीटर फेकून ऑलिंपिक विक्रम केला आणि नीरज ८९.४५ वर रौप्य घेऊन उभा राहिला. मैदानात याला मैत्री म्हणा नाहीतर स्पर्धा, दोन्ही एकच असतं. बंगळुरूला त्याला बोलावलं ते ऑलिंपिक विक्रम करणारा विजेता म्हणून. तो नसेल तर स्पर्धेला वजन कुठून येणार?

सातारकरीण:
मैदानावरचा, प्रतिसाद आवडला, पण मला नीरजवरच रुसायचं आहे, आणि तेही उलट बाजूने. २०२१ चा नीरज २०२५ ला कुठे गेला? मे महिन्यात दोहाला स्पर्धेआधी पत्रकारांनी अर्शदबद्दल विचारलं तर म्हणाला, आमची कधी फार जवळची मैत्री नव्हतीच, आणि आता पूर्वीसारखं राहणार नाही. बुडापेस्टला तिरंग्याखाली फोटोसाठी अर्शदला हाक मारून बोलावणारा हाच ना? पॅरिसनंतर त्याची आई सरोज देवी म्हणाली, सुवर्ण जिंकणाराही आपलाच मुलगा. तिकडे अर्शदच्या आईनेही नीरजबद्दल तशीच माया दाखवली. दोन्ही आयांनी जे सहज म्हटलं, ते मुलाला पुढे का पेलवलं नाही? जमाव अंगावर आला की शब्द मागे घ्यायचे, हे मला त्याच्याकडून अपेक्षित नव्हतं.

मैदानावरचा:
ताई, हे बोलणं सोपं आहे. मे २०२५ मध्ये सीमेवर गोळीबार झाला होता, त्याची स्पर्धा पुढे ढकलली गेली होती, आणि त्याच महिन्यात त्याला प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल केल्याचं जाहीर झालं. गणवेशातल्या माणसाने त्या घडीला वेगळं काय बोलायचं होतं? आणि आदराने बोलणाऱ्याशी मीही आदरानेच बोलतो, हेही तो त्याच दमात म्हणाला होता, ते तुम्ही गाळलंत. दुसऱ्या दिवशी त्याने ९०.२३ मीटर फेकला, आयुष्यात पहिल्यांदा नव्वदच्या पुढे. इतकी वर्षं वाट पाहिलेली फेक, आणि आपण चर्चा कशाची करत होतो?

सातारकरीण:
गाळलं ते मान्य, पण मुद्दा सोडत नाही. कारण बोलायची ताकद त्याच्यात आहे हे आपण पाहिलंय. एप्रिल २०२३ मध्ये कुस्तीपटू विनेश, साक्षी, बजरंग जंतरमंतरवर आंदोलनाला बसले होते, तेव्हा मोठमोठे क्रिकेटपटू तोंड शिवून होते. खेळाडूंना न्यायासाठी रस्त्यावर बसलेलं बघून दुःख होतं, हे नीरजने उघड लिहिलं. मे महिन्यात पोलिसांनी त्यांना फरफटत नेलं त्यावरही बोलला. तेव्हाही लोक म्हणालेच, तू भाला फेक, राजकारणात पडू नकोस. मग २०२५ ला तेच लोक म्हणतात, बोल, पाकिस्तानबद्दल बोल, गप्प का? म्हणजे आपल्याला हवं ते आणि हवं तेव्हाच त्याने बोलायचं.

डोंबिवली पूर्व:
या शेवटच्या वाक्याशी सहमत आहे, पण ते दोन्ही बाजूंना लागू पडतं. कुस्तीपटूंच्या वेळी त्याची पाठ थोपटणारे दोहातल्या वाक्यावर नाराज झालेच ना? तुम्हीही त्यात आलात.

गोदाकाठ:
डोंबिवलीकरांचा हा मुद्दा बिनतोड आहे. मला आणखी एक खुपतं. २०२१ ला आपल्या मराठी वर्तमानपत्रांनी नीरजला पानिपतचा रोड मराठा (लढाईनंतर तिकडेच राहिलेल्या मराठ्यांचा वंशज) म्हणून मिरवलं, १७६१ पर्यंत नातं नेऊन भिडवलं. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमधल्या स्टेडियमला त्याचं नाव दिलं, तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला. २०२५ ला त्याच्या आईला शिव्या पडत होत्या तेव्हा आपल्यापैकी किती जण "हा आमचा आहे" म्हणत मध्ये पडले? मला तरी तुरळक दिसले.

डोंबिवली पूर्व:
मध्ये पडायला हवं होतं, हे खरं. मी स्वतः शिव्या दिल्या नाहीत, पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणी टाकल्या तेव्हा त्यांना थांबवलंही नाही, कारण त्या आठवड्यात आम्ही स्मशानातून परत आलो होतो. तरीही आमंत्रणाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. ५ जुलैला ती स्पर्धा श्रीकांतीरवा स्टेडियमवर अर्शदशिवाय झाली, नीरजने ८६.१८ ला जिंकली आणि प्रेक्षकांनी गर्दीही केली. तेव्हा अर्शद नसेल तर वजन कुठून येणार, या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

मैदानावरचा:
नाही मिळालं. गर्दी नीरजसाठी आली होती. सप्टेंबरमध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत नीरज आठवा आला, अर्शद दहावा, आणि पदकाच्या जवळ गेला तो आपला सचिन यादव, ८६.२७ मीटर टाकून चौथा. बंगळुरूला ऑलिंपिक विजेत्याशेजारी बसून त्याचा रनअप बघणं अशा पोरांसाठी सोन्याच्या मोलाचं असतं. पहलगामनंतर ते शक्य नव्हतं, हे मीही मान्य करतो. पण आमंत्रण पाठवलं तेव्हा नीरजच्या डोक्यात हेच असणार, असं मला मैदानावरच्या अनुभवावरून वाटतं.