मदत हवी आहे: बॉटनीसाठी रुईया की बांदोडकर?

आम्ही कळव्याला राहतो. लेक यंदा बारावी सायन्स झाली, बीएस्सीला बॉटनीच घ्यायची म्हणते. माटुंग्याच्या रुईया कॉलेजच्या लिस्टमध्ये नाव लागेल असं दिसतंय, त्यामुळे सासर-माहेरची सगळी मंडळी "रुईया सोडू नका" म्हणून मागे लागलीत. तिला मात्र ठाण्यातलं बांदोडकर आवडलंय. मुलगी अबोल आहे, मोठ्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसून राहील याची मला धास्ती. वर कळवा ते माटुंगा रोजची स्लो लोकल, सकाळची गर्दी काय सांगायची!

बांदोडकरला बॉटनी केलेलं कोणी आहे का इथे? प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये किती मुलं असतात? शंका विचारली तर सर-मॅडम वेळ देतात? फील्ड व्हिजिट खरंच होतात की जर्नलपुरत्या? "नाव मोठं आहे" एवढंच उत्तर कृपया नको, ते घरात रोज ऐकतेय.