‘चॉकलेटचा शिपाई’ला दुसरा शब्द हवा आहे

धरमपेठकर:
आमची हौशी मंडळी बर्नार्ड शॉच्या १८९४ सालच्या ‘आर्म्स अँड द मॅन’चे मराठी रूपांतर बसवीत आहेत. काडतुसांऐवजी चॉकलेट बाळगणाऱ्या ब्लुंट्श्ली या भाडोत्री स्विस सैनिकाला नायिका रैना लाडाने ‘चॉकलेट क्रीम सोल्जर’ म्हणते, तेथे मी ‘चॉकलेटचा शिपाई’ लिहिले. वाचनाच्या वेळी सगळे हसले, पण साहेबाच्या फाईली नेणारा माणूस डोळ्यांसमोर आल्यामुळे. दुसरा शब्द सुचवावा.

महालवासी:
‘चॉकलेटी वीर’ करावे. शिपाई आणि फौजी हे दोन्ही शब्द परके आहेत.

प्रतापनगरची:
दादा, ‘चॉकलेटी’ म्हटले की गोंडस चेहऱ्याचा नट आठवतो. चिखलाने माखून, भुकेने कासावीस होऊन मुलीच्या शयनगृहात शिरलेल्या पस्तिशीच्या माणसाला ते विशेषण शोभत नाही. शिवाय ‘वीर’ हा रैनाच्या वाग्दत्त वराचा, सर्जियसचा शब्द आहे. स्लिव्हनित्साच्या लढाईत त्याने घोडदळ घेऊन जी झेप घेतली, ती शत्रूच्या मशीनगनना चुकीची काडतुसे मिळाली म्हणून यशस्वी झाली, हे ब्लुंट्श्लीच तर हसत सांगतो.

कामठीकर:
महालवासी, फारसी म्हणून शिपाई टाकायचा, तर ‘शिपाईगडी’ आणि ‘शिपाईबाणा’ कुठे ठेवणार? कामठीत लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र असल्यामुळे आमच्या गल्लीत निवृत्त फौजी पुष्कळ आहेत आणि त्यांच्या गप्पांत शौर्यापेक्षा रेशन, बूट आणि नामंजूर झालेली रजा यांचीच चर्चा अधिक असते. शॉने नेमका हाच माणूस रंगमंचावर आणला, म्हणून ‘चॉकलेटवाला फौजी’ म्हणावे. जुनाच शब्द हवा असेल, तर स्वतःचा घोडा आणणारा सर्जियस शिलेदार आणि दुसऱ्याच्या पगारावर लढणारा ब्लुंट्श्ली बारगीर.

प्रतापनगरची:
काका, बारगीर सरकारी घोड्यावर बसतो, आणि ब्लुंट्श्लीच्या अंगावर सर्बियन तोफखान्याचा कोट आहे. तो गोलंदाज झाला.

महालवासी:
गोलंदाज म्हटले की प्रेक्षक थेट जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवर पोहोचतील. त्यापेक्षा आपल्याकडे विराटाचा उत्तर आहे, ज्याने अंतःपुरात बढाया मारल्या आणि कौरवसेना दिसताच रथातून उडी टाकली. सर्जियसचे नावच उत्तर ठेवा.

कामठीकर:
मुळीच नाही. उत्तर पळाला; सर्जियस पळत नाही, तो सरळ मशीनगनवर घोडा घालतो आणि मूर्ख असूनही भित्रा ठरत नाही. पळून आलेला आहे तो ब्लुंट्श्ली, आणि नाटकात शहाणाही तोच.

महालवासी:
मग ब्लुंट्श्लीलाच उत्तर म्हणा.

प्रतापनगरची:
दादा, ब्लुंट्श्ली एकही बढाई मारत नाही हो.