मदत हवी आहे : विद्यार्थ्यांच्या शिल्पांना गुण कसे द्यावेत?

नमस्कार मंडळी. मी शिल्पकार आहे, कला महाविद्यालयात शिकवतो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनाचं परीक्षण करायचं आहे. काल कामं आधी बघून आलो आणि दोन शिल्पांपाशी अडलो.

एक फायबरमधलं व्यक्तिशिल्प. साचा स्वच्छ, जोड कुठे दिसत नाही, पॉलिश सुरेख. पण ते समोरच्या एकाच फोटोवरून केलेलं आहे. बाजूने पाहिलं की कान आणि जबडा सपाट पडतात. दुसरं शाडूतलं, एका म्हातारीचं डोकं. माती वाळताना आकसते, आतला तारेचा सांगाडा आकसत नाही, त्यामुळे मानेला मोठी भेग गेली आहे. तरी त्या मिटलेल्या ओठांपुढून माझा पाय निघेना.

तांत्रिक चूक म्हणून भेगेचे किती गुण कापायचे? विद्यार्थ्याकडे साचा काढून ओतकाम करायला पैसे नसतील, तर तो दोष त्याचा कसा? शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांचं ‘मंदिरपथगामिनी’ हे गाजलेलं स्त्रीशिल्पही १८९६च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थिदशेतच घडलं, आणि तेही प्लास्टरमध्ये. साहित्याच्या किमतीवरून काम जोखू नये असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी परीक्षण केलंय त्यांनी सांगावं : मातीकाम आणि ओतकाम यांचे गुण वेगळे ठेवता का? विद्यार्थ्याशी गुण देण्याआधी बोलता की नंतर? आणि बक्षीस न मिळालेल्यांना लेखी अभिप्राय द्यायचा झाल्यास दोन-तीन ओळींत काय लिहिता?