मदत हवी आहे: 'शिकवायला आवडतं' एवढ्यावर नोकरी सोडून बी.एड. करावं का?

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

वय ३१, मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, सात वर्षं झाली. पगार बरा आहे, बायको बँकेत. दीड वर्षापासून डोक्यात एकच किडा: बी.एड. करून माध्यमिक शाळेत गणित शिकवावं.

हे कुठून आलं ते सांगतो. आमच्याकडे आयटीआयची पोरं अप्रेंटिस म्हणून येतात. त्यांना व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं सरकत्या पट्टीचं साधन) शिकवायचं काम कुणालाच नको असतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. गेल्या वर्षी आष्टीकडचा एक मुलगा होता. काहीही विचारा, "हो सर, कळलं." आणि माप घ्यायला दिलं की चुकणार. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी आलेखकागदाच्या दोन पट्ट्या कापल्या. एकीवर सेंटिमीटरची घरं तशीच ठेवली, दुसरीवर ९ सेंटिमीटरचे १० सारखे भाग केले आणि म्हटलं, सरकव आणि रेघ कुठे जुळते बघ. पाचेक मिनिटं तो नुसती पट्टी मागेपुढे करत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सर, हिचं प्रत्येक घर थोडं थोडं चोरतंय." इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत व्हर्नियर मला कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बघतो तर हाच गडी त्याच पट्ट्या घेऊन शेजारच्याला शिकवतोय! त्या संध्याकाळी तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्येही मी खुशीत होतो, यावरून काय ते ओळखा.

वडील झेडपीचे निवृत्त शिक्षक. त्यांना सांगितलं तर दोन दिवस बोलले नाहीत. त्यांच्या वेळी डी.एड. केलं की नोकरी लागायची म्हणून ते शिक्षक झाले, हे त्यांनी कधी लपवलं नाही. जनगणना, निवडणुका आणि खिचडीचा हिशोब यांत अर्धा जन्म गेला म्हणतात. "आवड चार पोरांपुरती असते, वर्ग साठाचा असतो," हे त्यांचं वाक्य काही डोक्यातून जात नाही.

तर, मला खरंच शिकवायचंय की महिनाअखेरच्या डिस्पॅचच्या बोंबाबोंबीतून पळायचंय, हे ओळखायचं कसं? तुमच्यातले शिक्षक या पेशात का आले, आणि ते कारण पुढे टिकलं का? शिवाय बीईवर बी.एड. करता येतं का?

खडूची_भुकटी:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. बीईवाल्यांना बी.एड.ला प्रवेश मिळतो, खुल्या गटाला पदवीला ५५ टक्के लागतात. राज्याची सीईटी द्यायची, कोर्स दोन वर्षांचा. (आम्ही एका वर्षात सुटलो होतो.) पहिली ते पाचवी विसरा, २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथे बी.एड. चालत नाही. सहावी ते आठवीला टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर लागतो. मग टेट (शिक्षकभरतीची अभियोग्यता परीक्षा) आणि पवित्र पोर्टल (राज्याची ऑनलाइन शिक्षकभरती). टेटचा भरवसा धरू नका, २०१७ नंतर थेट २०२३ला झाली, मग २०२५ला. लागलात तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, माध्यमिकला महिना १८ हजार मानधन. तुमच्या पगाराशी ताडून बघा.

मी का आले? शाळा घराजवळ होती आणि मुलगी लहान. बस्स. सेवाभाव वगैरे काही नव्हता. गोडी लागली ती वह्या तपासताना. सहावीतल्या एकाने अर्धा अधिक पाव बरोबर दोन षष्ठांश लिहिलं होतं. बोलावून विचारलं, अर्धा आणि पाव किती रे? म्हणाला, "पाऊण, बाई." मग वहीत हे काय? "ते गणितातलं आहे." त्या दिवसापासून मी चुकलेली उदाहरणं आधी वाचते. कारण टिकलं का विचारलंत, तर ज्या मुलीसाठी मी आले ती आता कॉलेजात आहे. मी अजून शाळेतच आहे.

रोखठोक_७७:
भावनेच्या भरात राजीनामा देऊ नका. विनाअनुदानित शाळेत सहीचा पगार आणि हातातला पगार वेगळा असू शकतो, आणि अनुदानित जागेसाठी कुणी 'देणगी' मागितली तर उलट पावली परत फिरा. आधी रजा टाका आणि ओळखीच्या शाळेत आठवडाभर फुकट शिकवा. एकच धडा अ, ब, क तिन्ही तुकड्यांना. तिसऱ्यांदा शिकवतानाही मजा आली तर पुढचं बोलू.

धागाकर्ता:
रोखठोक, तुमचं ऐकलं. बायकोच्या माहेरी, जुन्नरकडे, एका शाळेत सातवीला पूर्णांकांचा गुणाकार शिकवतोय. अ तुकडीत संख्यारेषेच्या पट्ट्या झकास चालल्या. ब तुकडीत त्यांची विमानं झाली. क तुकडीच्या वेळी मजा वगैरे नाही, घसा बसला होता. रात्री वडिलांना फोन केला. या विषयावर ते पहिल्यांदाच धड बोलले: "मागच्या बाकापासून सुरुवात कर. पुढचे तसेही ऐकतात."

आज मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ऋण गुणिले ऋण धन का होतं? मी म्हणालो, तो नियम आहे. ती म्हणाली, "हो सर, कळलं." अगदी आष्टीवाल्यासारखं.

सोमवारी त्या वर्गावर शेवटचा तास आहे. बी.एड.चं नंतर बघू. खडूबाई, तुम्ही हे पोरांना कसं समजावता?